मुलगा ‘आईवर गेलाय’ म्हणून गणितात मागे?

कराडजवळून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं संक्षिप्त करून देते:

‘माझी मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. मुलगी आठवीच्या शिष्यवृत्तीत आली होती. मुलाला मात्र गणिताच्या घटक चाचणीत वीसपैकी चार मिळाले. सासूबाई येता-जाता म्हणतात, खाण तशी माती, आईवर गेलाय. मी दहावी दुसऱ्या खेपेला पास झाले, अकरावीत असताना लग्न झालं. सासरी सगळे शिकलेले, दीर इंजिनिअर. मिस्टर यावर काहीच बोलत नाहीत आणि तेच जास्त लागतं. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलं की मुलांची बुद्धी आईकडूनच येते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. परवा एका मेळाव्यात स्टॉल होता. गालाच्या आतून कापसाने नमुना घेतात, बोटांचे ठसे घेतात आणि मुलाची जन्मजात बुद्धी किती, त्याने पुढे काय करावं ते सांगतात. बारा हजार रुपये. करू का? वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवते. ता. क. मला स्वतःला आता बारावीला बसावंसं वाटतं. हसं होईल का?’

ताई,

बारा हजारांचा निर्णय तातडीचा, म्हणून तो आधी. देऊ नका. आगाऊ म्हणून काही दिलं असेल तर त्यावर पाणी सोडा आणि उरलेले वाचवा. कारण पुढे सांगते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता जोडली आहे: वहीची पानं. त्यातली तीन उदाहरणं इथे उतरवते. ४०३ वजा १७८, मुलाचं उत्तर ३७५. ६१२ वजा २५८, उत्तर ४४६. ८५० वजा ३६७, उत्तर ५१७. तिन्हींवर लाल फुली. आणि त्याच पानावर ७८५ वजा ४३२, उत्तर ३५३, अगदी बरोबर.

पेन घेऊन बसा आणि त्याने काय केलंय ते बघा. पहिल्या उदाहरणात एककाच्या घरात वर ३, खाली ८. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून तीन काढले आणि ५ लिहिले. दशकाच्या घरात वर शून्य, खाली ७, तर ७ लिहिले. शतकाच्या घरात चारातून एक, ३. झाले ३७५. बाकीच्या दोन्ही उदाहरणांतही हेच. वर कोणता अंक आणि खाली कोणता हे न बघता तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो. जिथे हातचा घ्यावा लागत नाही तिथे त्याचं उत्तर बरोबर येतं, जिथे लागतो तिथे हमखास चुकतं. पानभर त्याने हा नियम एकदाही मोडलेला नाही. डोकं नसलेलं पोर असं काटेकोर चुकत नाही, ताई. त्याच्याकडे नियम आहे, फक्त तो चुकीचा आहे.

आणि सहावीत आता भागाकार, अपूर्णांक, दशांश सगळं येतं. भागाकारात पायरीपायरीला वजाबाकी असते. ती चुकली की खालचं सगळं चुकणार, पद्धत बरोबर असली तरी. वीसपैकी चार मिळायला एवढं पुरतं.

हातच्याची वजाबाकी दुसरी-तिसरीत पक्की होते. आता हिशेब करा. आज सहावीत म्हणजे तुमचा मुलगा २०२०-२१ साली पहिलीत होता. पहिली शाळेचं तोंड न बघता गेली, दुसरीचाही बराचसा भाग मोबाइलवर गेला, आणि तो मोबाइलही बहुधा बहिणीशी वाटून घेतलेला. मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिचा हातचा त्याआधीच वर्गात, फळ्यासमोर, बाईंच्या देखत घोटून झाला होता. दोन भावंडांतला हा फरक समजायला रक्तात शोधायची गरज नाही. शाळांना कुलूप लागलं तेव्हा एक जण पाचवीत होती आणि एक पहिलीत, एवढं पुरे.

सगळं गणित एवढ्यावरच अडलंय असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण इथून सुरुवात करा. घरात शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी घ्या, दहाची एकही नको. हे ४०३. त्याला म्हणा, मला यातले १७८ दे. तो अडेल. अडू द्या, लगेच सांगू नका. थोड्या वेळाने तोच म्हणेल की सुट्टे पाहिजेत. मग शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा द्या, त्यातली एक दहाची मोडून दहा नाणी द्या. आता त्याच्यासमोर शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी आहेत. १७८ काढले की उरतात २२५. हे रोज पंधरा-वीस मिनिटं, पैशांनी करायचं आणि लगेच शेजारी कागदावर मांडायचं. तुम्ही दहावी कितव्या खेपेला पास झालात याचा इथे काही संबंध नाही. हे तुम्हाला येतं.

आता सासूबाईंच्या म्हणीकडे. त्या सपशेल चूक आहेत असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. बुद्धीच्या आणि शिक्षणाच्या बाबतीत आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि तो छोटा नाही. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून हे वारंवार दिसलंय. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची साधारण निम्मी, म्हणजे साध्या भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकेका घरात वाढतात. मग एकसारख्या जुळ्यांचे गुण एकमेकांच्या किती जवळ येतात आणि दुसऱ्यांचे किती, यावरून अंदाज बांधतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ ते १९९६ मध्ये जन्मलेल्या हजारो जुळ्यांवर लंडनच्या किंग्ज कॉलेजातून एक मोठा अभ्यास चालू आहे. तिथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेत इंग्रजी, गणित, विज्ञान या विषयांच्या गुणांमध्ये मुलामुलांत जो फरक पडला, त्यातला सुमारे ५८ टक्के जनुकांशी जोडता आला.

इथेच लोक घसरतात. ५८ टक्के याचा अर्थ एका मुलाच्या वीसपैकी बारा गुण आईबापांनी दिले आणि आठ त्याने कमावले, असा नाही. तो आकडा एकट्या मुलाला लागूच होत नाही. हजारो मुलं एका देशात, एका काळात, साधारण एकसारख्या शाळांत शिकत असताना त्यांच्यातल्या फरकाची ती वाटणी आहे. देश बदला, काळ बदला, आकडा बदलतो. नॉर्वेत हे फार नीट दिसलं. १९४० च्या आधी जन्मलेल्या जुळ्यांमध्ये कोण किती शिकलं यात जनुकांचा वाटा सुमारे ४० टक्के आणि घरच्या परिस्थितीचा त्याहून थोडा जास्तच निघाला. महायुद्धानंतर तिथे शिक्षण सगळ्यांना खुलं झालं, आणि १९४० नंतर जन्मलेल्या मुलग्यांमध्ये जनुकांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास गेला. जनुकं तीच. घरच्या गरिबीने अडवणं कमी झालं, म्हणून उरलेल्या फरकात जनुकांचा हिस्सा मोठा दिसू लागला. मुलींमध्ये मात्र तो फारसा वाढला नाही. घर कोणतं, यावरच त्यांचं शिक्षण अडत राहिलं. अकरावीत असताना लग्न झालेल्या बाईला हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून तुमच्या दहावीच्या निकालावरून तुमची जनुकं वाचायला निघालेल्या माणसाचं मला हसू येतं. तुमच्या घरी त्या वर्षी काय चाललं होतं, शिकवणी होती का, पहाटे उठून पाणी कोण भरत होतं, हे त्या गुणपत्रिकेत कुठे लिहिलेलं नसतं. आपल्या देशात १९५१ साली शंभरातल्या जेमतेम नऊ बायकांना लिहिता-वाचता येत होतं, २०११ मध्ये सुमारे पासष्ट जणींना. साठ वर्षांत जनुकं एवढी बदलत नाहीत. ‘आमच्यात उपजतच डोकं’ असं एखाद्या जातीबद्दल किंवा घराण्याबद्दल जे छाती फुगवून बोललं जातं, त्यालाही हेच उत्तर. अमक्या घरात तीन पिढ्या पुस्तकं होती आणि तमक्या घरात नव्हती, हे आधी मोजा.

व्हॉट्सॲपवरचा तो संदेश मलाही आलाय, तीनदा तरी. बुद्धीची जनुकं एक्स गुणसूत्रावर (गुणसूत्र म्हणजे जनुकं ज्यावर असतात तो पेशीतला धागा) असतात, आणि मुलग्याला तो एक्स आईकडूनच मिळतो, म्हणून बुद्धी आईकडून येते, असा त्याचा सूर असतो. सोडून द्या. २०१८ साली अकरा लाख लोकांच्या जनुकांचा एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस किती वर्षं शिकला याच्याशी संबंध असलेल्या १,२७१ जागा त्यात सापडल्या, आणि त्या गुणसूत्रागणिक विखुरलेल्या आहेत. एकेका जागेचा परिणाम किती? साधारणपणे शालेय शिक्षणात पावणेदोन आठवड्यांचा फरक! ‘हुशारीचं जनुक’ नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. या हजारो बारीकसारीक तुकड्यांतले निम्मे आईकडून येतात, निम्मे बापाकडून, आणि कोणते निम्मे यायचे ती दर मुलामागे नवी सोडत असते. म्हणूनच सख्खी भावंडं एवढी वेगळी निघतात. तेव्हा तो ‘आईवर’ जेवढा गेलाय तेवढाच इंजिनिअरांच्या घराण्यावरही गेलाय. मिस्टर गप्प बसतात ना, त्यांना हे एकदा जेवताना ऐकवा.

आता त्या स्टॉलकडे. या हजारो जागांची बेरीज करून एक गुण काढता येतो, हे खरं आहे, आणि असल्या जाहिरातींना शास्त्राचा मुलामा तिथूनच मिळतो. पण अकरा लाखांच्या त्या अभ्यासातला गुण लोकांच्या शिक्षणातल्या फरकाचा ११ ते १३ टक्के भाग सांगू शकला. २०२२ मध्ये तीस लाख लोकांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा १२ ते १६ टक्के. गटांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला हे पुष्कळ आहे. एका मुलाबद्दल सांगायला मात्र अगदीच तोकडं. अमेरिकेतल्या एका पाहणीत सगळ्यात वरचा गुण असलेल्या एक-पंचमांश हिश्श्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी पदवी पूर्ण केलेली नव्हती, आणि तळाच्या हिश्श्यातल्या दर दहांत एकाने तरी केली होती. एकाच घरातल्या भावंडांची तुलना करायला गेलं तर या गुणाचा जोर आणखी निम्म्याच्या आसपास उतरतो. आणि तुम्हाला तर नेमकं बहीण-भावाचंच कोडं पडलंय.

यापेक्षाही मोठी अडचण वेगळीच आहे. हे अभ्यास जवळजवळ सगळे युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत. तोच गुण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना लावला, तर दहा-अकरा टक्क्यांवरून थेट दीड टक्क्यावर आला. कराडच्या मुलाला ती मोजपट्टी लावून कुणी ‘जन्मजात बुद्धी ७८ टक्के, वाणिज्य शाखा योग्य’ असा रंगीत अहवाल देत असेल, तर त्याने तो आकडा आणला कुठून हे विचारा. बोटांच्या ठशांबद्दल तर बोलायलाच नको. बोटांवरच्या रेषा गर्भातच ठरतात हे खरं. त्यावरून पोलीस माणूस ओळखतात, त्याला भागाकार येईल का हे ओळखत नाहीत. अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही, हे आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीरपणे सांगितलेलं आहे. तरी मॉलमध्ये, शाळांच्या आवारात, सोसायट्यांच्या गणेशोत्सवात हे स्टॉल लागतात. शाळेने स्टॉलला जागा दिली म्हणजे शाळेने खात्री केली, असं समजू नका. शाळेला भाडं मिळालेलं असतं.

एक अभ्यास मुद्दाम तुमच्यासाठी सांगते. २०१८ मध्येच आइसलँडच्या संशोधकांनी हजारो मुलं आणि त्यांचे आईवडील यांची जनुकं तपासली. आईबापाची निम्मी जनुकं मुलाकडे जातात, निम्मी जातच नाहीत. न गेलेल्या निम्म्यांचा मुलाच्या शिक्षणाशी काही संबंध असायला नको ना? तर तो सापडला, आणि गेलेल्या जनुकांच्या परिणामाच्या जवळजवळ तीस टक्के सापडला. आईबाप जसे असतात तसं घर घडतं, आणि मूल त्या घरात वाढतं. जनुक मुलापर्यंत पोचलं नाही तरी घर पोचतं. (या तीस टक्क्यांतलं सगळंच श्रेय घराला देता येत नाही, त्यात नवरा-बायको एकमेकांसारखे निवडले जाण्याचाही भाग आहे, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. पण मुद्दा पुसला गेलेला नाही.) सासूबाई ज्याला एकच खाण समजतात त्यात अशा दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत, आणि त्यातली एक रोज संध्याकाळी तुमच्या हातात असते.

आणि समजा, काही आनुवंशिक निघालंच. म्हणून हात टेकायचे का? फेनिलकीटोन्युरिया नावाचा एक आजार आहे, पूर्णपणे आनुवंशिक. अन्नातल्या प्रथिनांमधला एक घटक शरीराला मोडता येत नाही, तो साठतो आणि मेंदूची वाढ खुंटते. १९३४ मध्ये नॉर्वेच्या एका डॉक्टरांनी तो ओळखला. तेव्हा अशा बाळांना गंभीर मतिमंदत्व येणं ठरलेलंच होतं. आज जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो कळतो, बाळाला वेगळा आहार सुरू करतात आणि ते इतर मुलांसारखंच शिकतं. सदोष जनुक आयुष्यभर तसंच राहतं. बदलतं ते ताट. शाळेच्या बाबतीतही असंच काही दिसतं. सहा लाखांहून अधिक लोकांच्या आकड्यांवरून निघालेला निष्कर्ष असा, की शाळेचं एकेक वर्ष वाढलं की बुद्ध्यांक एक ते पाच गुणांनी वाढतो. तुमच्या मुलाची तर दोन वर्षं वजा झालेली आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डोळे आणि कान तपासा, हिमोग्लोबिन बघा. मग नोटा-नाण्यांची वजाबाकी, दोन महिने तरी, सलग. शाळेतल्या बाईंना भेटा आणि फक्त एवढंच म्हणा की त्याची हातच्याची वजाबाकी कच्ची आहे, हे बघा पान. ‘गणित कच्चं आहे’ म्हणालात तर त्या ‘लक्ष द्या हो घरी’ म्हणतील आणि विषय संपेल. नेमकं पान दाखवलं तर त्यांनाही काम करता येतं. मुलीला त्याची शिक्षिका करू नका. तिची दहावी आहे, आणि त्याला ते झोंबेल.

दोन महिन्यांनी पैशांनी जमतंय पण कागदावर काही केल्या जमत नाही, पाढे आज पाठ आणि उद्या कोरे, घड्याळ वाचताना गोंधळ, मराठी वाचतानाही अडखळणं, असं काही दिसलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. ही तपासणी बालमानसशास्त्रज्ञ समोर बसवून काही तास करतात, मशीनवर बोट ठेवून होत नाही. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत त्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. तुम्ही आधी आपल्या बालरोगतज्ज्ञांना आणि जिल्हा रुग्णालयात विचारा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. ही अक्षमता घराण्यात उतरते, जनुकांचा त्यात भरपूर वाटा असतो, आणि तरीही योग्य पद्धतीने शिकवलं की अशी मुलं शिकतात. दिरांना किंवा मिस्टरांना लहानपणी वाचायला उशीर झाला होता का, हेही सहज विचारून बघा. सासूबाईंनाच विचारलंत तर उत्तम, त्यांना आठवत असेल. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. मुलासमोर ‘आईवर गेलाय’ हे वाक्य मात्र चालणार नाही, आणि हे त्यांना सांगण्याचं काम तुमचं नाही, त्यांच्या मुलाचं आहे. गप्प बसून चालणार नाही, असं मिस्टरांना स्पष्ट सांगा.

तुमची ता. क. मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. हसं होणार असेल तर होऊ द्या, परीक्षेच्या हॉलमध्ये हसणारे नसतात. सतरा नंबरचा फॉर्म खासगी विद्यार्थ्यांसाठीच असतो, मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, जवळचं कनिष्ठ महाविद्यालय केंद्र म्हणून निवडायचं. तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं. जवळच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून ठेवा, फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे फॉर्म कितीतरी आधी भरले जातात. विषय कला शाखेचे घेतलेत तर प्रात्यक्षिकांची कटकट कमी. दहावीची गुणपत्रिका, आधार, फोटो लागतील. शाळा सोडल्याचा दाखला मात्र आत्ताच शोधा. माहेरी कुठल्या ट्रंकेत सापडला तर ठीक, नाहीतर शाळेकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा लागेल, आणि त्यात महिना सहज जातो.